पाच तासांत ‘न्यूरॉन’ दिसले, तर आधी हे तपासा

डेझर्टेशनचा हंगाम ऐन भरात आला की माझ्या फोनवर एक फोटो येतो. पाठवणारी मुलं बदलतात, कॉलेजं बदलतात, फोटो तोच. फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली एक गोल, चमकदार पेशी आणि तिच्यातून निघालेल्या दोन-तीन लांब, बारीक शेपट्या. खाली ओळ: “मॅम, न्यूरॉन झाले! कर्क्युमिन २० मायक्रोमोलर, फक्त पाच तास!!” कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक, मायक्रोमोलर हे द्रावणातल्या त्याच्या प्रमाणाचं एकक. दोन दिवसांनी दुसरा मेसेज, जरा पडेल सुरातला: “मॅम, निम्म्या सुटून तरंगतायत. उरलेल्या परत पहिल्यासारख्या झाल्यात. माझं काय चुकलं?”

हातून बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, झालेच नव्हते, त्यामुळे ते गेले कुठे हा प्रश्नच उरत नाही. हे उत्तर मी इतक्यांदा टाइप केलंय की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते. गर्भनाळेच्या जेलीतून, अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या मेझेनकायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या पेशी) घ्यायच्या, त्यांवर हळद, ब्राह्मी, अश्वगंधा, नाहीतर त्यांतला एखादा शुद्ध घटक घालायचा आणि चेतापेशी मिळतात का बघायचं, असा प्रयोग आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालतो. हे लिखाण तो प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे. तपासण्यांचा क्रम मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे ठेवलाय. अँटिबॉडीची ऑर्डर देण्याआधी पहिल्या दोन-तीन गोष्टी करून बघा, गाइडचे पैसे वाचतील.

आकार काही तासांतच बदलला

या फसगतीला मोठा इतिहास आहे. २००० साली अमेरिकेतल्या एका गटाने अस्थिमज्जेतल्या पेशींना आधी बीटा-मरकॅप्टोइथेनॉल दिलं, मग सीरम (पेशींच्या पोषक द्रवात घातलेला रक्ताचा द्रव भाग) काढून घेऊन डीएमएसओ हे द्रावक आणि बीएचए अशी रसायनं दिली. काही तासांत पेशी न्यूरॉनसारख्या दिसू लागल्या, न्यूरॉनचे काही मार्कर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिनंही दिसली. जगभर खळबळ उडाली, तीच कृती शेकडो प्रयोगशाळांत उतरली. २००४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी त्याच पेशींचं टाइम-लॅप्स चित्रीकरण केलं आणि फुग्यातली हवा गेली. पेशी शेपट्या बाहेर काढतच नव्हत्या, पेशी आक्रसत होत्या. आतला ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा कोसळला की पेशीचं अंग मध्याकडे ओढलं जातं, पण कडा जिथे प्लॅस्टिकला घट्ट चिकटलेल्या असतात तिथे धागे मागे राहतात. गुळाच्या पाकातून उलथनं उचलताना तार सुटते ना, अगदी तशी. जास्तीचं मीठ घातलं, डिटर्जंट घातलं, तरी हेच ‘न्यूरॉन’ मिळाले.

आता आपल्या वनस्पतींकडे या. सीरम नसलेल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) २० मायक्रोमोलर कर्क्युमिन हा पेशीसाठी चांगलाच मार असतो. अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए व्हायमेंटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि मेझेनकायमल पेशी तर व्हायमेंटिनने भरलेल्या. सांगाड्यालाच हात घातल्यावर आकार बदलणार नाही तर काय होईल? ब्राह्मीतले बॅकोसाइड हे सॅपोनिन आहेत. तुमचा अर्क पातळ करून बंद नळीत जोरात हलवून बघा. रिठ्यासारखा फेस धरला तर समजा की तुम्ही पेशींवर सौम्य साबण ओतताय. स्टेनिंगच्या वेळी पेशीच्या पटलाला भोकं पाडायला आपण सॅपोनिनच तर वापरतो! म्हणजे २००४ सालचा डिटर्जंटचा प्रयोग तुम्ही आयुर्वेदिक नावाने पुन्हा करताय.

ओळखायचं कसं? प्लेटच्या तळाला बाहेरून सुईने एक बारीक फुली मारा, म्हणजे तीच जागा पुन्हा सापडेल. घटक घातल्यापासून दर दहा मिनिटांनी तिथला फोटो घ्या. टाइम-लॅप्सची सोय नसेल तर स्टूल घेऊन बसा, पाच तासच आहेत. खरा न्यूराइट (न्यूरॉनची लांब शाखा) वाढतो तेव्हा त्याचं टोक पुढे सरकतं, आणि टोकाशी पंजासारखा पसरलेला ग्रोथ कोन चाचपडत असतो. आक्रसणाऱ्या पेशीत टोक जागेवरच राहतं आणि पेशीचं अंग मागे जातं. समोरासमोरच्या दोन टोकांमधलं अंतर पहिल्या आणि शेवटच्या फोटोत मोजा. ते वाढलं नसेल तर काही वाढलेलंच नाही.

त्याच प्लेटमध्ये आणखी तीन वेल, म्हणजे खळगे, ठेवा. एकात घटक धुऊन काढून नेहमीचं सीरमवालं मीडियम घाला आणि दुसऱ्या दिवशी बघा; परत चपट्या, पसरट झाल्या तर तो तात्पुरता धक्का होता. दुसऱ्यात मूलपेशींऐवजी त्वचेचे साधे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) ठेवून तोच घटक द्या. फायब्रोब्लास्टही पाच तासांत ‘न्यूरॉन’ झाले तर विषय संपला. तिसऱ्यात घटकाबरोबर सायक्लोहेक्झिमाइड, म्हणजे प्रथिनं बनणं थांबवणारं औषध. नवी प्रथिनं न बनताही आकार तसाच बदलत असेल, तर त्याला डिफरन्शिएशन, म्हणजे पेशीचा प्रकार बदलणं, म्हणण्यात अर्थ नाही. पेशीचं नशीब बदलायचं तर जनुकं चालू-बंद व्हावी लागतात, त्यांची प्रथिनं बनावी लागतात, आणि त्याला दिवस लागतात.

अँटिबॉडी लावली, सगळं हिरवंगार

हा घोळ मी स्वतः घातलेला आहे, म्हणून जरा रेंगाळते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी कर्क्युमिन दिलेल्या पेशींवर बीटा-३ ट्यूब्युलिन या न्यूरॉनच्या मार्करला चिकटणारी अँटिबॉडी लावली, आणि तिला धरून हिरवी चमकणारी ४८८ची सेकंडरी. कंट्रोल (तुलनेसाठीच्या, कर्क्युमिन न दिलेल्या पेशी) काळाकुट्ट, कर्क्युमिनवाल्या पेशी दिवाळीच्या माळेसारख्या उजळलेल्या. पोस्टर छापलं. परिषदेत एक वयस्कर बाई पोस्टरसमोर थांबल्या, चष्मा कपाळावर चढवून फोटोजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, “सुरेख. आता रंग न लावलेल्या पेशी दाखव.” माझ्याकडे तो फोटो नव्हता. परत येऊन घेतला. अँटिबॉडी नाही, सेकंडरी नाही, फक्त कर्क्युमिन दिलेल्या पेशी, आणि त्या तितक्याच हिरव्या. हळद निळ्या प्रकाशात हिरवी-पिवळी चमकते आणि पेशीत शिरली की पटलांना, प्रथिनांना धरून बसते. मी ट्यूब्युलिन नाही, हळदीचे फोटो काढले होते.

कर्क्युमिन एकटं नाही. क्वेर्सेटिन एरवी फारसं चमकत नाही, पण पेशीतल्या प्रथिनांना चिकटलं की मायक्रोस्कोपच्या त्याच हिरव्या खिडकीत, म्हणजे रंगपट्ट्यात, दिसतं. दारुहळदीतलं बर्बेरिन डीएनएला बांधलं गेलं की जास्त उजळतं, म्हणून केंद्रक सुंदर रंगलेलं दिसतं आणि आपण खूश होतो. पानांच्या कच्च्या अर्कात क्लोरोफिल असेल तर लाल खिडकीतही गडबड.

म्हणून प्रत्येक स्लाइडच्या संचात घटक दिलेल्या पण बिनरंगाच्या पेशी हव्यात, आणि घटक दिलेल्या पण फक्त सेकंडरी लावलेल्याही हव्यात. दोन्ही कंट्रोल घटक दिलेल्या पेशींवरच करायचे. ते न दिलेल्या पेशींवर केले तर काहीच सिद्ध होत नाही, आणि नेमकं तेच सगळे करतात. एक्स्पोझर सगळ्यांना सारखंच ठेवा. ‘ऑटो’ बटण दाबलंत तर मायक्रोस्कोप अंधारालाही उजेड करून दाखवतो. कर्क्युमिनसाठी सरळ ६४७ची सेकंडरी घ्या, दूरच्या लाल पट्ट्यात त्याचा त्रास होत नाही. मेथॅनॉलने फिक्स केलं की बराचसा घटक धुऊनही जातो, पण ‘बराचसा’ म्हणजे सगळा नव्हे.

मार्कर निवडतानाही हीच सावधगिरी. नेस्टिन, बीटा-३ ट्यूब्युलिन आणि न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज हे तिन्ही काहीही न केलेल्या मेझेनकायमल पेशींतही कमी-जास्त सापडतात. तिसऱ्याच्या नावात ‘न्यूरॉन-स्पेसिफिक’ आहे म्हणून फसू नका. शिवाय पेशी आक्रसली की तेवढंच प्रथिन कमी जागेत दाटतं आणि रंग गडद दिसतो. म्हणून प्रथिन खरंच वाढलं का ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण दाखवणारी चाचणी) बघा, आणि जनुकाचा आरएनए-संदेश वाढला का ते क्यूपीसीआरवर (आरएनए मोजणारी चाचणी). तिथेही एक खड्डा आहे. सवयीने आपण ॲक्टिन किंवा जीएपीडीएच हे संदर्भ जनुक, म्हणजे तुलनेसाठीचं स्थिर जनुक, धरतो. घटक जर पेशीचा सांगाडाच हलवत असेल तर ॲक्टिन स्थिर राहील हे कुणी सांगितलं? दोन-तीन संदर्भ जनुकं घ्या आणि ती स्थिर आहेत ना हे आधी बघा. मार्करही एकटा नको. एमएपी-२, टाउ, सिनॅप्टोफायसिन असे उशिरा येणारे मार्कर बघा, आणि उलट बाजूने मेझेनकायमल ओळखीचे सीडी-७३, सीडी-९०, सीडी-१०५ उतरले का तेही. जुनी ओळख तशीच शाबूत असताना नवी ओळख मिळाल्याचा दावा मला पटत नाही.

मागच्या वेळी आलं होतं, या वेळी येत नाही

सगळ्यांत जास्त मेसेज याबद्दल येतात आणि कारणं पोतंभर आहेत.

पहिलं कारण प्रयोगशाळेत नसतंच, बाजारात असतं. ‘ब्राह्मी’ म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात गेलात तर कुणी बॅकोपा मोनिएरी देईल, कुणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही कुळं वेगळी, रसायनं वेगळी. शंखपुष्पीचं तर विचारू नका. त्या एका नावाखाली कॉन्व्हॉल्व्ह्युलस, विष्णुक्रांता आणि कुठे कुठे चक्क गोकर्ण विकली जाते. मागच्या वर्षीच्या सीनियरने एक झुडूप वापरलं आणि तुम्ही दुसरं, नाव मात्र थिसिसमध्ये एकच. ताजी वनस्पती फुलासकट घ्या, दाबून वाळवा आणि नमुना ओळख पटवून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. ओळख पटल्याचा नमुना क्रमांक थिसिसमध्ये लिहिता येतो, आणि वायवाला पहिला प्रश्न हाच असतो.

शुद्ध घटक विकत घेतला तरी बाटलीवरचं लेबल नीट वाचा. बाजारातलं साधं ‘कर्क्युमिन’ हे तीन भावंडांचं मिश्रण असतं: साधारण ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के डिमेथॉक्सी आणि ३ टक्के बिसडिमेथॉक्सी. एका वर्षी मिश्रण आणि पुढच्या वर्षी शुद्ध घेतलंत तर आकडे जुळणार नाहीत.

दुसरं कारण, घटक मीडियममध्ये टिकतच नाही. पीएच ७.२, तापमान ३७ अंश आणि सीरम नाही अशा स्थितीत कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. दहा टक्के सीरम असेल तर आठ तासांनंतरही निम्मं शिल्लक असतं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने सीरममध्ये केलेला प्रयोग आणि तुम्ही सीरमशिवाय केलेला प्रयोग हे दोन वेगळ्या औषधांचे प्रयोग आहेत. तुमच्या पेशींनी तीन दिवस जे प्यायलं त्यात कर्क्युमिन कमी आणि त्याच्या विघटनातून झालेले पदार्थ जास्त होते. यासाठी एक सोपा कंट्रोल आहे: मीडियममध्ये कर्क्युमिन घालून ते पेशींशिवाय २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि मग पेशींवर घाला. परिणाम तोच आला तर तो कर्क्युमिनचा नाही. रेस्व्हेराट्रॉल प्रकाशात आपलं रूप बदलतं, तेव्हा हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) अतिनील दिवा चालू असताना नळी उघडी ठेवू नका. डीएमएसओमधले स्टॉक (घट्ट मूळ द्रावणं) लहान ॲलिकोट, म्हणजे वाटे, करून उणे २० अंशांना, अंधारात. पुन्हा पुन्हा वितळवलेली नळी टाकून द्या, जीव तुटला तरी.

तिसरं कारण ऐकून मुलं हसतात, पण ते खरं आहे. ग्रीन टीमधलं ईजीसीजी, क्वेर्सेटिन, असे पॉलिफेनॉल मीडियममध्ये पडल्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी खेळून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी असोत वा नसोत. ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून बाटलीतून ओततो, तेच प्लेटमध्ये पेरॉक्साइडचा झरा होतं. पायरुवेट हे पेरॉक्साइड शोषून घेतं. डीएमईएम हे नेहमीचं मीडियम पायरुवेटसह मिळतं आणि पायरुवेटशिवायही. नवी बाटली आली, कॅटलॉग क्रमांक एका आकड्याने वेगळा, आणि ‘परिणाम’ गायब! असं झालं असेल तर एका वेलमध्ये कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून बघा. कॅटालेजने परिणाम पुसला गेला, तर तुमच्या पेशी वनस्पतीला नव्हे, पेरॉक्साइडला उत्तर देत होत्या.

चौथं, एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला विषारी घटक. मातीतून आलेल्या मुळांच्या अर्कात जिवाणूंचे अवशेष असतातच. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू अडतात, एन्डोटॉक्सिन नाही. ते ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही. मेझेनकायमल पेशींवर त्याला ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राही असतो, त्यामुळे पेशी प्रतिक्रिया देतात आणि श्रेय वनस्पतीला जातं. एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, पण वनस्पतींतल्या बीटा-ग्लुकानमुळे ती खोटी होकारार्थी येऊ शकते, म्हणून ग्लुकान अडवणारं बफर मागून घ्या.

एककांचा गोंधळ तर नित्याचा. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८.४. म्हणजे १० मिलिमोलर स्टॉकसाठी एक मिलिलिटर डीएमएसओत ३.६८ मिलिग्रॅम. तो हजारपट पातळ केला की मीडियममध्ये १० मायक्रोमोलर कर्क्युमिन आणि ०.१ टक्के डीएमएसओ. याच्या वर डीएमएसओ नेऊ नका, आणि कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ द्या. डीएमएसओला निरुपद्रवी समजणाऱ्यांनी पी-१९ या उंदराच्या भ्रूणीय कर्कपेशींची गोष्ट आठवावी. १९८२ सालीच दिसलं होतं की त्या पेशींना रेटिनॉइक आम्ल दिलं तर न्यूरॉन होतात आणि नुसतं डीएमएसओ दिलं तर स्नायू, त्यातही धडधडणारे हृदयस्नायू. द्रावकही पेशीचं नशीब ठरवू शकतं. अर्काच्या बाबतीत ‘५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर’ लिहिणं ठीक, पण त्या पन्नासात तुमचा घटक किती, हे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजल्याशिवाय शुद्ध घटकाशी तुलना करू नका.

आणि मात्रा. चेतापेशींच्या पूर्वज पेशींवर कर्क्युमिनची कमी मात्रा वाढीला मदत करते आणि जास्त मात्रा मारते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. तिथे फायदा दिसला तो अर्ध्या मायक्रोमोलरच्या आसपास. आपली मुलं सुरुवातच २० पासून करतात आणि ‘जास्त हळद जास्त गुण’ या घरगुती न्यायाने ५० पर्यंत जातात. मग प्लेटमध्ये पिवळ्या सुया दिसतात. ते न्यूराइट नाहीत, कर्क्युमिनचे स्फटिक आहेत.

एमटीटी वाढलं, म्हणजे पेशी वाढल्या?

बहुतेक वेळा नाही. एमटीटी हा जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग; जांभळेपणावरून पेशींचा अंदाज घेतात. पॉलिफेनॉल एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करू शकतात. एक रिकामा वेल घ्या, मीडियम आणि घटक घाला, पेशी नको, एमटीटी घाला. जांभळं झालं तर इतर सगळे आकडे त्या पार्श्वभूमीवर वाचा. एमटीटी घालण्याआधी पेशी दोनदा धुवा आणि ट्रिपॅन ब्लूने (हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो) सरळ मोजूनही बघा. डोळ्यांनी मोजलेल्या पेशी खोटं कमी बोलतात.

मग वनस्पती सोडूनच द्यायच्या का?

नाही. उलट या सगळ्यात ज्याने खरंच मुक्काम गाठला तो घटक आपल्या दारातला आहे, आणि मुलं नेमकी त्यालाच विसरतात. माईनमुळाचं लोणचं खाल्लं असेल कुणी. त्या कोलियसच्या मुळांतून फोर्स्कोलिन निघालं. काम झालं मुंबईत, हेक्स्ट या औषध कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात. रचना प्रसिद्ध झाली १९७७ साली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही त्याच सुमारास त्याच मुळांतून ‘कोलिओनॉल’ वेगळं केलं गेलं, ते पुढे फोर्स्कोलिनच निघालं. शोध चालला होता रक्तदाबाच्या औषधाचा. १९८१ साली अमेरिकेत दिसलं की हा रेणू ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम थेट चालू करतो आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवतो. त्यानंतर तो जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये जाऊन बसला. २०१३ साली उंदराच्या साध्या पेशींना फक्त रसायनांनी मूलपेशी बनवलं गेलं, त्या मिश्रणात फोर्स्कोलिन होतं. २०१५ साली चीनमधल्या दोन गटांनी फायब्रोब्लास्टपासून थेट न्यूरॉन बनवले, एकाने उंदराच्या पेशींपासून, दुसऱ्याने माणसाच्या. दोन्ही मिश्रणांत फोर्स्कोलिन होतं.

‘मिश्रणात’ हा शब्द महत्त्वाचा. फोर्स्कोलिन एकट्याने ते करत नाही. त्याच्याबरोबर इतर रेणू जनुकांवरची कुलपं काढतात, फायब्रोब्लास्टचा जुना कार्यक्रम दाबतात, आणि सायक्लिक एएमपी मागून ढकलतं. एकटं फोर्स्कोलिन मेझेनकायमल पेशींवर घातलंत तर पेशी झटपट आक्रसून तारेसारख्या होतील आणि तुम्ही मला पुन्हा तोच फोटो पाठवाल. सायक्लिक एएमपी वाढलं की ॲस्ट्रोसाइटही (मेंदूतल्या आधारपेशी) चांदणीसारखे होतात, ते काही न्यूरॉन होत नाहीत.

फोर्स्कोलिनला कंट्रोल मात्र असा मिळतो, जो बहुतेक वनस्पतिजन्य घटकांना मिळत नाही. १,९-डायडिऑक्सिफोर्स्कोलिन हा त्याचा जुळा भाऊ सायक्लेज चालू करत नाही, पण पटलावरचे आणि आयन वाहिन्यांवरचे काही परिणाम मात्र करतो. दोघांनी तोच परिणाम दिला तर तो सायक्लिक एएमपीचा नाही, हे एका वेलमध्ये कळतं. ‘हळदीने न्यूरॉन होतात’ म्हणणाऱ्याला मी विचारते, तुझ्या हळदीचा जुळा भाऊ कोण?

माझा सल्ला असा: जमत असेल तर सुरुवातीची पेशीच बदला. न्यूरल पूर्वज पेशी किंवा आयपीएस पेशी (प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशी) घ्या. २००९ पासून प्रचलित असलेल्या पद्धतीत नॉगिन आणि एसबी-४३१५४२ देऊन एसमॅड या संदेश-प्रथिनांचे दोन मार्ग बंद करतात आणि बहुसंख्य पेशी पीएएक्स-६ हा मार्कर दाखवणाऱ्या न्यूरल पूर्वज होतात. याला पाच तास नाही, दीड-दोन आठवडे लागतात, आणि माणसाच्या पेशींपासून नीट फायर होणारे न्यूरॉन मिळायला आणखी कित्येक आठवडे. त्या वाटेवर वनस्पतीचा घटक पूरक म्हणून घाला आणि प्रश्न लहान ठेवा. त्याने पेशी जास्त जगतात का? न्यूराइट लांब होतात का? लवकर परिपक्व होतात का? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी थिसिस उभा राहतो. मेझेनकायमल पेशीच हाताशी असतील तर पॅसेज ३ ते ५ मधल्या (तीन ते पाचदा नव्या प्लेटमध्ये हलवलेल्या) वापरा, आणि निष्कर्षात ‘न्यूरॉन’ न लिहिता ‘न्यूरॉनसदृश आकार’ लिहा. गर्भनाळ घेताना आईची लेखी संमती, नैतिक समिती आणि २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मूलपेशींसाठीची संस्थेतली समिती, यांची परवानगी आधी. नमुना आल्यावर कागद जुळवत बसू नका.

शेवटची कसोटी कामाची. न्यूरॉन दिसायला कसाही असो, तो विजेने बोलतो. पॅच क्लॅम्पवर (पेशीतली वीज मोजणारं तंत्र) ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे विजेचा ठोका, आलं, आत येणारा सोडियमचा प्रवाह टेट्रोडोटॉक्सिन या विषाने बंद झाला, तर मी फोटो न बघताही मान्य करीन. पॅच क्लॅम्प सगळीकडे नसतो, पण कॅल्शियम इमेजिंग (पेशीत कॅल्शियम वाढलं की उजळणारा रंग वापरून) पुष्कळ ठिकाणी जमतं: ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घाला आणि पेशी उजळते का बघा. फक्त कर्क्युमिनवाल्यांनी लक्षात ठेवा, फ्लुओ-४ हा कॅल्शियमचा सूचकही हिरवाच रंग आहे. हळदीने इथेही पाठ सोडलेली नसते. लाल रंगाचा सूचक घ्या.

घरच्यांसाठी एक वाक्य, कारण हे वाचून कुणीतरी आजोबांच्या पार्किन्सनसाठी हळदीच्या दुधाचं प्रमाण विचारणारच. प्लेटमधलं १० मायक्रोमोलर पोटातून रक्तात पोचत नाही. ग्रॅमच्या हिशेबात घेतलेलं कर्क्युमिनसुद्धा रक्तात अगदी किंचित सापडतं. दूध चवीसाठी प्या, औषधाचं डॉक्टरांना विचारा.

यापुढे फोटो पाठवाल तेव्हा एकटा पाठवू नका. त्याच जागेचा शून्य तासाचा फोटो, घटक दिलेल्या बिनरंगाच्या पेशींचा फोटो आणि धुऊन काढल्यानंतर २४ तासांचा फोटो, असे तिघे सोबत हवेत. खाली चार गोष्टी लिहा: सीरम होतं की नाही, डीएमएसओ किती टक्के, मीडियमचा कॅटलॉग क्रमांक, स्टॉक कोणत्या तारखेचा. रात्री अकरानंतर पाठवलात तर उत्तर सकाळी.